स्मारकशिला आणि शासनाची स्मृती

काही महिन्यांपूर्वी कार्यालयीन कामानिमित्त तंजावर जिल्ह्यात जाण्याचा योग आला. तंजावर म्हटले की मराठी माणसाला व्यंकोजीराजे, सरस्वती महाल ग्रंथालय आणि बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवरील विस्तीर्ण मराठी शिलालेख आठवतो. दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ मध्ये भोसले घराण्याचा इतिहास या भिंतीवर कोरून घेतला. मराठीतील हा सर्वांत मोठा शिलालेख मानला जातो. कामकाज आटोपल्यावर मी तो पुन्हा एकदा सावकाश पाहिला. सत्ता हाती असलेल्याला आपल्या पूर्वजांची नावे दगडावर कोरून घेता येतात, आणि दगड ती नावे दोन शतके सांभाळतो. इतिहासाच्या विद्यार्थ्याला यात नवीन असे काही नाही.

दुसऱ्या दिवशी चाळीसेक किलोमीटरवरील कुंभकोणमला गेलो. कावेरीच्या काठचे हे गाव मंदिरांचे, महामहम तळ्याचे आणि विद्येचे. श्रीनिवास रामानुजन यांचे शालेय शिक्षण येथलेच, आणि येथील शासकीय महाविद्यालयाला एकेकाळी 'दक्षिणेचे केंब्रिज' म्हणत. अशा या विद्येच्या गावी मला ज्या शाळेची इमारत पाहायची होती, ती मात्र वेगळ्या कारणासाठी.

१६ जुलै २००४ रोजी, शुक्रवारी सकाळी, काशीरामन रस्त्यावरील श्रीकृष्ण शाळेच्या इमारतीत आग लागली. एकाच अरुंद इमारतीत तीन शाळा चालत होत्या. मुलांच्या माध्यान्ह भोजनासाठी चूल पेटली होती. तेथून आग वरच्या मजल्यावरील झावळ्यांच्या छपराला लागली. जळते छप्पर वर्गात बसलेल्या लहान मुलांच्या अंगावर कोसळले. खाली उतरण्याची वाट अरुंद होती. ९४ मुले मृत्युमुखी पडली. त्यांतील बहुतेक प्राथमिक वर्गांतील होती. गावातील पालक्करै येथे या मुलांचे स्मारक उभारण्यात आले आहे. दरवर्षी १६ जुलैला पालक मुलांची छायाचित्रे शाळेच्या इमारतीसमोर मांडतात, फुले वाहतात, दिवे लावतात. त्यांतील बरेच पालक आता वृद्धत्वाकडे झुकले आहेत. छायाचित्रांतील मुले मात्र सहा-सात-आठ वर्षांचीच राहिली आहेत.

त्या स्मारकापाशी उभा असताना मला एका दूरच्या गावाची आठवण झाली. बऱ्याच वर्षांपूर्वी एका प्रशिक्षणासाठी काही आठवडे इंग्लंडमध्ये होतो. एका रविवारी, जुन्या विमानांची आवड असलेल्या एका सहकाऱ्याच्या आग्रहाने लँकेशायर परगण्यातील फ्रेकल्टन या खेड्यात गेलो. त्या वेळी ती एक सहल वाटली. कुंभकोणमला आल्यावर तिचा अर्थ बदलला. दोन घटनांमध्ये जवळपास बरोबर साठ वर्षांचे अंतर आहे. दोन्ही घटना शाळेच्या, दोन्ही सकाळच्या प्रहरी घडलेल्या, आणि दोन्हींत बळी गेले ते सर्वांत लहान वर्गांतील मुलांचे. परंतु प्रशासनाच्या दृष्टीने या दोहोंत एक मोठा फरक आहे, आणि या लेखाचा विषय तोच आहे.

प्रथम फ्रेकल्टनची हकीकत. दुसऱ्या महायुद्धात या गावाशेजारी वॉर्टन येथे अमेरिकी वायुदलाचा मोठा तळ होता. अमेरिकेतून आलेली विमाने येथे दुरुस्त करून, चाचणी घेऊन आघाडीवर पाठवली जात. हजारो अमेरिकी सैनिक व तंत्रज्ञ आसपासच्या परिसरात वावरत होते. गावकऱ्यांची त्यांच्याशी ओळख झाली होती, मुलांना ते खाऊ देत. रस्त्यावर त्यांच्यासाठी अल्पोपाहाराचे एक छोटे दुकानही निघाले होते. युद्धकाळात असे हे शेजारपण जमले होते.

२३ ऑगस्ट १९४४, बुधवार. सकाळी साडेदहाच्या सुमारास दोन बी-२४ लिबरेटर बॉम्बफेकी विमाने चाचणीसाठी वॉर्टनहून उडाली. थोड्याच वेळात पश्चिमेकडून अत्यंत प्रखर वादळ आले. तळावरून दोन्ही विमानांना परत येण्याचा आदेश गेला. गावात भरदिवसा इतका अंधार झाला की शाळेत दिवे लावावे लागले. शाळेचे नवे सत्र नुकतेच सुरू झाले होते. परतणाऱ्या दोन विमानांपैकी एकाचा वैमानिक वादळ टाळून दूर निघून गेला व सुखरूप उतरला. दुसरे विमान, लेफ्टनंट जॉन ब्लोमेंडाल यांचे, उतरण्याच्या प्रयत्नात वादळाच्या तडाख्यात सापडले आणि पावणेअकराच्या सुमारास गावाच्या मध्यभागी कोसळले. झाडे, घरे आणि ते उपाहारगृह उद्ध्वस्त करीत त्याचा काही भाग होली ट्रिनिटी शाळेच्या शिशुवर्गावर आदळला. इंधन पेटले व जळते इंधन रस्त्यावरून वाहू लागले.

या अपघातात ६१ माणसे दगावली. त्यांत ३८ शाळकरी मुले, दोन शिक्षिका आणि विमानातील तिघे होते. उरलेल्या अठरांमध्ये उपाहारगृहात बसलेले अमेरिकी व ब्रिटिश सैनिक आणि गावातील नागरिक होते. शिशुवर्गातील केवळ तीन मुले वाचली. तीन दिवसांनी अंत्यविधी झाला. मुलांच्या शवपेट्या अमेरिकी सैनिकांनी वाहिल्या आणि चर्चच्या आवारातील एका समाईक कबरीत त्यांना पुरण्यात आले. त्याच आठवड्यात, २५ ऑगस्टला, पॅरिस मुक्त झाले. जगभरच्या वृत्तपत्रांची पहिली पाने त्या आनंदाने भरून गेली, आणि लँकेशायरमधील एका खेड्याचे दुःख आतल्या पानांत राहिले. भाजलेल्या मुलांना भेटायला प्रसिद्ध गायक बिंग क्रॉस्बी रुग्णालयात आले होते. मुलांकडे पाहून त्यांना गाणे म्हणवेना. शेवटी त्यांनी बाहेरच्या मार्गिकेत उभे राहून गाणे म्हटले, अशी हकीकत सांगितली जाते.

आता स्मारकाविषयी. पहिले स्मारक उभारले ते अमेरिकी सैनिकांनी. त्यांनी आपापसांत पैसे जमवले, फावल्या वेळात स्वतःच्या हातांनी काम केले आणि गावातील मुलांसाठी एक क्रीडांगण तयार केले. अपघाताला वर्ष पूर्ण होण्याच्या तीन दिवस आधी, २० ऑगस्ट १९४५ रोजी, ते मुलांच्या स्वाधीन करण्यात आले. तेथील शिलेवर मजकूर आहे तो साधारण असा, की शेजारी अमेरिकनांकडून गावातील मुलांना, उभयतांच्या समान हानीच्या स्मरणार्थ. मरण पावलेल्या मुलांच्या नावाने जिवंत मुलांना खेळायला जागा द्यावी, ही कल्पना मला फार मोलाची वाटली. मी गेलो तेव्हा तेथे काही मुले खेळत होती. आपण कशावर खेळतो आहोत याची त्यांना जाणीव असावी असे वाटले नाही, आणि तशी ती असावी असेही नाही.

गावाच्या स्वतःच्या स्मारकाची कथा मात्र वेगळी आहे. अपघातानंतर लवकरच एक निधी उभा राहिला व त्यातून स्मारक सभागृह बांधण्याचे ठरले. प्रत्यक्षात ते सभागृह उभे राहायला १९७७ साल उजाडले. म्हणजे तेहतीस वर्षे. परक्या सैनिकांनी जे वर्षभरात केले, तसे काही करायला स्थानिक व्यवस्थेला एक पिढी लागली. शासकीय नोकरीत आयुष्य गेलेल्या माणसाला यात आश्चर्य वाटत नाही. निधी असतो, इच्छा असते, समितीही असते. परंतु काम अमुक दिवशी पूर्ण व्हावे अशी जबाबदारी कोणा एकावर नसते.

अपघाताची चौकशी झाली. विमान जळून गेले होते, आतील कोणी वाचले नव्हते. त्यामुळे नेमके कारण निश्चित करता आले नाही. वैमानिकाला वादळाच्या शक्तीचा अंदाज फार उशिरा आला असावा, तोवर उंची व वेग दोन्ही अपुरे पडले असावेत, विमानाची रचना निकामी होण्याची शक्यताही नाकारता येत नाही, असा निष्कर्ष निघाला. एक शिफारस मात्र स्पष्ट होती. अमेरिकेत शिकलेल्या वैमानिकांची समजूत अशी होती की इंग्लंडमधील वादळ म्हणजे जोराची सर, त्याहून अधिक काही नाही. ही समजूत चुकीची आहे याची सर्व वैमानिकांना ठासून जाणीव द्यावी, असे चौकशीत म्हटले गेले. ६१ जिवांच्या बदल्यात व्यवस्थेने शिकलेला हा धडा. तो लहान वाटतो, परंतु तो प्रामाणिक आहे. जे ठाऊक नव्हते, ते ठाऊक झाले, आणि ज्यांना ठाऊक असणे आवश्यक होते त्यांना ते सांगण्याचे ठरले.

याच १९४४ सालातील आणखी एक दुर्घटना महाराष्ट्राच्या चांगल्या परिचयाची आहे. 'फोर्ट स्टिकिन' हे जहाज इंग्लंडमधील बर्कनहेड बंदरातून, म्हणजे फ्रेकल्टनपासून फार दूर नसलेल्या किनाऱ्यावरून, निघाले व कराचीमार्गे मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत येऊन लागले. त्यात सुमारे १,४०० टन स्फोटके होती, आणि त्याच जहाजात कापसाच्या गासड्याही भरलेल्या होत्या. १४ एप्रिल १९४४ च्या दुपारी आग लक्षात आली. जहाज बुडवावे, बाहेर ओढून न्यावे की जागीच आग विझवावी, याविषयी बंदर, जहाज, सैन्य आणि अग्निशमन दल यांच्यात अंतिम निर्णय घेणारा कोणी एक अधिकारी नव्हता. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला, त्यानंतर अर्ध्या तासाने दुसरा. शेकडो माणसे मेली. त्यांत मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जवान होते. युद्धकाळातील नियंत्रणामुळे येथील वृत्तपत्रांना कित्येक आठवडे बातमी सविस्तर छापता आली नाही.

त्या ६६ जवानांचे स्मारक भायखळ्याला अग्निशमन दलाच्या मुख्यालयात आहे. परंतु त्यांचे खरे स्मारक दिनदर्शिकेत आहे असे मी मानतो. १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो आणि त्यानंतरचा आठवडा अग्निसुरक्षा सप्ताह म्हणून. त्यात औपचारिकता पुष्कळ असते, हे मान्य. कार्यालयात येऊन कोणी छातीला लहानसा कागदी ध्वज लावतो, भिंतीवरील अग्निशामक नळकांडे कसे वापरावे हे दाखवतो, आपण चहा घेत ते पाहतो. तरीही एका शहरातील एका दुपारचे मरण देशातील असंख्य कार्यालयांत वर्षातून एकदा अर्ध्या तासाची कवायत होऊन येते, ही गोष्ट सामान्य नाही. त्या दिवशी किमान नळकांड्यावरील मुदतीची तारीख तरी वाचली जाते.

या तीन घटना शेजारी ठेवल्या की माझ्या मते स्मारकापुढे तीन प्रश्न उभे राहतात. कोण गेले? का गेले? आणि त्यानंतर काय बदलले? पहिल्या प्रश्नाचे उत्तर दगड देतो. दुसऱ्याचे उत्तर चौकशी अहवालात असते. तिसऱ्याचे उत्तर नियमपुस्तिकेत, अंदाजपत्रकात आणि अधिकाऱ्यांच्या नित्य सवयीत शोधावे लागते. पहिले उत्तर देणे सर्वांत सोपे, आणि तिसरे सर्वांत कठीण. म्हणूनच आपल्याकडे दगड लवकर उभे राहतात.

आता कुंभकोणमकडे पुन्हा येऊ. फ्रेकल्टनला आकाशातून विमान पडले. त्या सकाळी शाळेतील शिक्षिकेला, गावच्या कारभाऱ्याला किंवा मुलाला शाळेत सोडून परतलेल्या आईला ते टाळता येणे शक्य नव्हते. कुंभकोणमच्या शाळेत झावळ्यांचे छप्पर कित्येक महिने सर्वांच्या डोळ्यांदेखत होते. चूल कोठे पेटते हेही दिसत होते. जिन्याची रुंदी एका दिवसात कमी झालेली नव्हती. तेथे अज्ञात असे काहीच नव्हते. इमारत सुरक्षित असावी, शाळेला मान्यता देण्यापूर्वी तिची पाहणी व्हावी, यासाठी नियम होते, आणि ते अमलात आणण्यासाठी नेमलेले अधिकारीही होते. निवृत्त न्यायमूर्ती के. संपत यांच्या एकसदस्य आयोगाने चौकशी केली. जुलै २०१४ मध्ये, म्हणजे दहा वर्षांनी, तंजावरच्या न्यायालयाने दहा जणांना दोषी ठरवले व अकरा जणांना निर्दोष सोडले. दोषी ठरलेल्यांत शाळेच्या चालकांबरोबर शिक्षण खात्यातील कर्मचारीही होते. २०१७ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने काहींना मुक्त केले व काहींची शिक्षा कमी केली.

न्यायालयीन निकालाच्या गुणदोषांत मी शिरत नाही. तो माझा अधिकार नव्हे. अर्थशास्त्राचा जुना विद्यार्थी म्हणून मला एक वेगळी गोष्ट मांडायची आहे. झावळ्यांचे छप्पर स्वस्त असते. त्यामुळे जी बचत होते ती शाळा चालवणाऱ्याची, आणि त्यातून जो धोका उत्पन्न होतो तो मुलाचा. खर्च वाचवणारा एक आणि जोखीम उचलणारा दुसरा असला, की बाजार आपोआप योग्य निर्णयाला पोहोचत नाही, हे आपण पदवीच्या वर्गात शिकतो. त्यात भर म्हणजे पालकाला या धोक्याची पारख नसते. रोजगार करून मुलाला शाळेत घालणारी आई इमारतीचा नकाशा पाहायला मागत नाही. तिच्या वतीने कोणीतरी जाणकाराने पाहावे, यासाठीच शासनाची तपासणी असते. तपासणी अधिकारी हा त्या आईचे डोळे असतो.

आणि म्हणूनच खोटा दाखला हा दाखला नसण्याहून वाईट. दाखला नसता तर कदाचित एखाद्या पालकाने वर चढून पाहिले असते, शंका घेतली असती, मूल दुसरीकडे घातले असते. 'शासनमान्य' अशी पाटी लागली की ती शंका विरून जाते. न पाहता केलेली सही नागरिकाची स्वतःची सावधगिरीही काढून घेते. संरक्षण तर ती देतच नाही. नुकसानभरपाईचे जे हिशेब पुढे वर्षानुवर्षे चालतात, त्यांत हे नुकसान कोठेच धरलेले नसते.

हे मी उंच आसनावर बसून लिहीत नाही. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत मला एका वसतिगृहाच्या पाहणीसाठी पाठवण्यात आले होते. दिवसभरात चार ठिकाणे उरकायची होती. तिसऱ्या ठिकाणी पोहोचलो तेव्हा दुपारचे चार वाजले होते. तळमजला पाहिला, नोंदवह्या पाहिल्या, स्वयंपाकघर पाहिले. वरच्या मजल्याची किल्ली ज्याच्याकडे होती तो बाजारात गेला होता. अर्धा तास थांबलो असतो तर तो आला असता. मी थांबलो नाही. तपासणीच्या छापील नमुन्यात 'इमारतीची स्थिती' या रकान्यापुढे 'समाधानकारक' असे लिहून सही केली. पुढे तेथे काहीही घडले नाही. परंतु जे घडले नाही, त्याचे श्रेय मला घेता येत नाही. ते निव्वळ नशीब. जुलै २००४ मध्ये दूरचित्रवाणीवर कुंभकोणमची दृश्ये पाहताना मला त्या रकान्याची आठवण झाली. आजही होते. वरच्या मजल्यावर काय होते, हे मला आजतागायत माहीत नाही.

कुंभकोणमनंतर काहीच बदलले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. तमिळनाडूत शाळांवरील झावळ्यांची छपरे काढण्याची मोहीम निघाली. या दुर्घटनेच्या पार्श्वभूमीवर सर्वोच्च न्यायालयात दाखल झालेल्या अविनाश मेहरोत्रा विरुद्ध भारत सरकार या याचिकेवर १३ एप्रिल २००९ रोजी निकाल लागला. शिक्षणाच्या हक्कात सुरक्षित शाळेचा हक्क अंतर्भूत आहे, असे न्यायालयाने म्हटले. राष्ट्रीय बांधकाम संहितेनुसार अग्निसुरक्षा, शिक्षकांना प्रशिक्षण, नियतकालिक तपासणी यांविषयी राज्यांना निर्देश दिले. त्याच वर्षी संमत झालेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सर्व ऋतूंत टिकणारी इमारत हा शाळेसाठी निकष ठरला. कुंभकोणमच्या मुलांचे हे कागदावरील स्मारक होय, आणि ते पालक्करै येथील स्मारकाहून लहान नाही.

परंतु कागदावरील स्मारकाला फुले वाहायला वर्षातून एकदा कोणी जात नाही, ही त्याची उणीव आहे. हरियाणात डबवाली येथे २३ डिसेंबर १९९५ रोजी शाळेच्या समारंभाच्या मंडपाला आग लागून चारशेहून अधिक माणसे, त्यांत असंख्य मुले, गेली होती. तेथेही स्मारक आहे. तो धडा नऊ वर्षांत कुंभकोणमपर्यंत पोहोचला नाही. कुंभकोणमचा धडा तरी कोठवर पोहोचला? ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे आपल्या भंडारा जिल्हा रुग्णालयात नवजात शिशूंच्या कक्षात आग लागून दहा बालके दगावली. त्यानंतर राज्यातील रुग्णालयांच्या अग्निसुरक्षेची तपासणी करण्याचे आदेश निघाले. आदेश निघाल्यावर त्याच वर्षी, एप्रिलमध्ये विरारला आणि नोव्हेंबरमध्ये अहमदनगरला, रुग्णालयांच्या अतिदक्षता विभागांत आगी लागून रुग्ण मरण पावले. दुर्घटना, आयोग, आदेश, विस्मरण आणि पुन्हा दुर्घटना असे हे चक्र आहे.

आकाशातून पडणारे संकटही इतिहासजमा झालेले नाही. २१ जुलै २०२५ रोजी ढाक्यात बांगलादेश वायुदलाचे प्रशिक्षण विमान एका शाळेच्या इमारतीवर कोसळले आणि तीसहून अधिक जीव गेले, त्यांत बहुसंख्य मुले होती. फ्रेकल्टनची एक्याऐंशी वर्षांपूर्वीची सकाळ जणू पुन्हा आली. विमानतळाशेजारी दाट वस्ती व शाळा असाव्यात का, प्रशिक्षणाची उड्डाणे शहरावरून व्हावीत का, असे प्रश्न तेथे विचारले गेले. म्हणजे जे संकट प्रथमदर्शनी दैवाचे वाटते, त्यातही माणसाने घेतलेल्या निर्णयांचा वाटा असतो आणि तो चौकशीने शोधावा लागतो. खुद्द तंजावरलाही दुसऱ्या महायुद्धातील धावपट्टी आहे. २०१३ मध्ये तेथे वायुदलाचा तळ नव्याने सुरू झाला आणि २०२० पासून सुखोई विमानांची तुकडी आहे. अशा ठिकाणी भोवतालच्या बांधकामाचे नियम कोणी पाळते की नाही, हा प्रश्न नगररचनेच्या नकाशावर आज विचारलेला बरा.

यावर उपाय काय? मोठ्या सुधारणांची यादी देण्याचा माझा विचार नाही. अनुभवातून सुचलेल्या तीन लहान गोष्टी सांगतो. पहिली, ज्या दुर्घटनेवर चौकशी आयोग नेमला गेला, तिच्या स्मरणदिनी संबंधित खात्याने एक पानाचे निवेदन प्रसिद्ध करावे. आयोगाच्या किती शिफारशी स्वीकारल्या, किती अमलात आल्या, उरलेल्या का राहिल्या, एवढेच त्यात असावे. हारासोबत ते पानही स्मारकापाशी ठेवले जावे. दुसरी, शाळा, वसतिगृह वा रुग्णालयाच्या दर्शनी भागात तपासणीची तारीख आणि तपासणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव व पदनाम लावले जावे. राजाचे नाव दगडावर कोरले जाते ते गौरवासाठी. अधिकाऱ्याचे नाव दारावर लिहिले जावे ते उत्तरदायित्वासाठी. आपले नाव तेथे राहणार हे ठाऊक असते, तर मी त्या दुपारी किल्लीसाठी अर्धा तास निश्चित थांबलो असतो. तिसरी, नव्याने सेवेत येणाऱ्या अधिकाऱ्यांना प्रशिक्षणकाळात देशभर फिरवले जाते. धरणे, कारखाने, मंदिरे, सीमा दाखवल्या जातात. त्या प्रवासात एखादा दिवस कुंभकोणमसाठी ठेवावा. तेथे व्याख्यान नको. स्मारक पाहावे, मग शाळेच्या त्या रस्त्यावरून चालत जावे आणि जमल्यास एखाद्या पालकाशी बोलावे.

फ्रेकल्टनच्या शिलेवर 'समान हानी' असा शब्द आहे, हे मी वर सांगितलेच. अमेरिकी सैनिकांचेही सोबती त्या सकाळी गेले होते. म्हणून त्यांना तो शब्द लिहिण्याचा अधिकार होता. कुंभकोणमला शासनाच्या वतीने कोणी असा शब्द लिहू शकेल का? हानी पालकांची होती. आपल्या बाजूला फक्त सह्या होत्या. हानी समान नसेल तेव्हा शोकसंदेशापेक्षा हिशेब देणे अधिक उचित, असे मला वाटते.

कुंभकोणमहून निघताना रस्त्यातील एका प्राथमिक शाळेची मधली सुट्टी झाली होती. पक्की इमारत, सिमेंटचे छप्पर, रुंद जिना. मुले धावत खाली उतरत होती. आमचा चालक स्थानिक होता. त्याने गाडीचा वेग कमी केला, इमारतीकडे एकदा वरपासून खालपर्यंत पाहिले आणि मग पुढे निघाला. असे का पाहिलेस, म्हणून मी विचारले. तो म्हणाला, "सवय आहे, सर. आमच्या गावात सगळे असेच बघतात."